भिंगाखालची रांगोळी

शेवईच्या तुकड्याएवढा, पण तिच्याहूनही बारीक. सुईने काढलेला मूत्रपिंडाचा तुकडा एवढाच असतो. त्याचे पातळ काप काचेवर गुलाबी रंगवून माझ्यासमोर ठेवतात. मित्रांनो, मी तंजावुरातल्या एका दवाखान्यातला जुना सूक्ष्मदर्शक.

दिवा लागला की मी जणू स्वप्नात उतरतो. गुलाबी शिवारं, बारीक कालवे, मधूनमधून गोल गुच्छ. तिथे रक्त गाळलं जातं. संगणकाचं नवं यंत्र आलं तसा मी खिडकीशी सरकलो. तरी डॉक्टर वसुमती माझं भिंग रोज पुसतात. वस्तूची काळजी घेतली, तर ती म्हातारपणीही स्वच्छ पाहते.

एका सकाळी अनिरुद्धराव आले, सोबत पत्नी शेषम्मा. अनिरुद्धरावांचे पाय सुजलेले, लघवीला फेस. डॉक्टरांनी सांगितलेली बायॉप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढणं, मात्र ते टाळत होते. आधी तमिळ पंचांगातला आडी महिना, त्यात नवं काही करायचं नाही. मग नवरात्रातल्या बाहुल्या मांडायच्या. मुतखडा समजून ते रोज केळीच्या गाभ्याचा रस पीत होते.

"खडा नाही तुम्हाला," वसुमती म्हणाल्या. "गाळणी बिघडलीय. कशाने, ते तुकडा पाहिल्याशिवाय कळणार नाही. औषध त्यावरच ठरतं. उशीर झाला तर मूत्रपिंडं जातील."

"सेरी, बरं, बघू."

"यांचं 'बघू' म्हणजे कावेरीचं पाणी," शेषम्मा म्हणाल्या. "कधी सुटेल ते धरणवाल्यांनाच ठाऊक!"

वसुमती हसल्या. शिकवण्यासाठी ठेवलेली एक निनावी काच त्यांनी माझ्याखाली सरकवली. शेषम्मांनी डोळा लावला.

"अय्यो! ठिपक्यांभोवती वळणं... दारातली रांगोळीच अस्से की! आणि हे इकडे पुसलेलं?"

"तिथे व्रण झालाय. ते पुन्हा उमटत नाही. उरलेलं वाचवता येतं."

शेषम्मा हळूच बाजूला झाल्या. "आता तुम्ही बघा हो. दारातली मी रोज पहाटे नवी काढते. ही मला नाही काढता यायची."

अनिरुद्धराव वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"तुकडा काढताना रक्त फार जातं का?"

"क्वचित. म्हणून दिवसभर निजवून लक्ष ठेवतो."

त्यांच्या श्वासाने माझी काच धुरकटली. गुलाबी शिवारावर धुकं उतरलं, मग हळूहळू विरलं.

"सेरी, डॉक्टरम्मा," भिंगावरून डोळा न काढता ते म्हणाले, "याच आठवड्यात घ्या तुकडा."