खाडाखोडीला परवानगी नाही

माझ्या क्लासमध्ये बारावीला गटांगळ्या खाल्लेली पोरं येतात, दुकानदार येतात, एक निवृत्त फौजदारही येऊन गेले. सगळ्यांना मी बेसिक, म्हणजे कॉम्प्युटरची भाषा, शिकवली. डोकं फिरलं की त्यांच्यावर ओरडता तरी येतं. सासऱ्यांवर ओरडता येत नाही. ‘बाबा, परत एकदा बघू या का’ असं म्हणावं लागतं, आणि तेही हसून.

वाशीच्या क्लासमधली माझी संध्याकाळची बॅच बाबांना लग्नापासूनच खुपत होती. सून दिवेलागणीला घराबाहेर पडते, हे नेरूळच्या आमच्या सोसायटीत बरं दिसत नाही म्हणे. त्यात बेलापूरच्या त्यांच्या पाणीपुरवठा ऑफिसात कॉम्प्युटर आले. बेसिकची परीक्षा पास होईल तो नव्या विभागात, बाकीच्यांनी मीटर तपासत उन्हात हिंडायचं. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेल्या बाबांना उन्हात हिंडायचं नव्हतं.

“मला पास करून दाखव,” ते जेवताना म्हणाले, “मग खुशाल बॅच चालव. मलाच शिकवता आलं नाही तर लोकांना काय शिकवणार? मग सोडायची.”

माझा नवरा केयूर याने मला न विचारता मान डोलावली. तो महाप्याच्या कंपनीत इंजिनिअर. स्वतः शिकवायचं म्हटलं की त्याला लगेच झोप यायची.

तर मी शिकवायला बसले. पहिला दिवस बरा गेला. कॉम्प्युटरमध्ये आकडा ठेवायला एक जागा करायची, तिला नाव द्यायचं, हे बाबांना पटलं. T नावाच्या जागेत त्यांनी अगदी निगुतीने शंभर ठेवले. मग मी लिहिलं, T = T + N. म्हणजे T मधला जुना आकडा घ्या, त्यात N मधला नवीन मिळवा आणि बेरीज परत T मध्येच ठेवा.

बाबांनी चष्मा काढला. “आणि शंभर कुठे गेले?”

गेले, म्हटलं. त्यांच्या जागी आता नवीन बेरीज आहे.

“कोणाच्या सहीने गेले?”

इथून पुढे माझे हाल सुरू झाले. बाबांनी सबंध नोकरीत रजिस्टरमध्ये कधी काही खोडलं नव्हतं. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही करायची आणि बरोबर आकडा खाली लिहायचा. व्हाइटनर वापरणारा माणूस त्यांच्या लेखी चोरच. आणि इथे त्यांचीच सून त्यांना आकड्यावर आकडा लिहायला सांगत होती.

मी त्यांना टीव्हीवरचा क्रिकेटचा स्कोअर दाखवला. धाव निघाली की आकडा बदलतो, जुन्यासाठी कोणी रडत नाही. बाबा म्हणाले, टीव्हीवर बदलतो, पण स्कोअररच्या वहीत प्रत्येक चेंडू लिहिलेला असतो. मी आत जाऊन कणीक तिंबली, चांगली जोर लावून.

त्यांनी स्वतःचाच मार्ग काढला होता. पहिली बेरीज T1, दुसरी T2, तिसरी T3. स्क्रीनवर मुंग्यांसारखी रांग लागायची. मी विनवलं की बाबा, किती आकडे येणार हेच आधी माहीत नसेल तर किती नावं करून ठेवाल? ते शांतपणे म्हणाले, भरपूर करून ठेवीन. वर ऑफिसात सांगत होते की मुलगा इंजिनिअर आहे, तो घरी शिकवतो. हे मला सोसायटीच्या जिन्यात शेजारणीकडून कळलं. माझा असा काही संताप झाला की त्या दिवशी मी चहात साखरच घातली नाही. बाबांनी निमूटपणे प्यायला.

परीक्षेच्या सकाळी मी क्लासच्या मॅडमना सांगून ठेवलं, माझ्या बॅचसाठी दुसरं कोणी बघून ठेवा.

संध्याकाळी बाबा आले ते पेढे घेऊन. बरोबर कुंदन, त्यांच्या ऑफिसातला दारावे गावचा कारकून. तो नापास झाला होता, तरी खुशीत होता. मीटरचे आकडे एकामागून एक घ्यायचे, शून्य आलं की थांबायचं आणि बेरीज दाखवायची, असा प्रश्न होता. किती आकडे ते सांगितलेलंच नव्हतं.

“काकांचा प्रिंटर थांबायचं नाव घेत नव्हता,” कुंदन म्हणाला. “साहेब कानात बोटं घालून बसलं व्हतं.”

बाबांनी पिशवीतून कागदाची लांबलचक पट्टी काढून माझ्या हातात दिली. T = T + N त्यांनी लिहिलं होतं. फक्त प्रत्येक वेळी जुना आकडा पुसला जायच्या आधी तो कागदावर छापून घेतला होता, आणि मग प्रत्येक आकड्याशेजारी लाल शाईने सही केली होती. मी कपाळाला हात लावला.

“केयूरनी पास केलं तुमाला,” कुंदन म्हणाला. “पोरगा हुशार हाय.”

केयूर सोफ्यावर बसून पेढा खात होता. तो नुसता हसला, नाही म्हणाला नाही. मी चहाचा ट्रे आपटायच्या बेतात होते.

“कुंदन,” बाबा म्हणाले, “मुलगा शिकवतो असं मी ऑफिसात सांगितलं होतं. त्यावर रेघ मार. खाली लिही, सून शिकवते.”

“लिहू कुठं, काका?”

“सगळ्यांना सांग. मी आधी काय म्हणालो होतो तेही सांग, ते लपवायचं नाही. आणि वाशीला तिची संध्याकाळची बॅच असते. तुला पुन्हा परीक्षेला बसायचं असेल तर उद्यापासून जा.”

मग माझ्याकडे न बघता त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, आज साखर आहे.

माझे डोळे भरून आले, आणि त्याचाही मला रागच आला.