हाताच्या उंचीवर

टिल्लीने बूट हातात चढवला आणि जिन्याच्या पायरीवर खसाखसा घासायला सुरुवात केली. बूट पुरुषाचा, चांगला मोठ्या मापाचा, कालच दुकानातून आणलेला. तळाच्या रबरी नक्षीची एक रेघही अजून झिजली नव्हती, आणि असा कोरा बूट दाराशी ठेवला तर आंधळ्यालाही कळेल की याने रस्ता म्हणून पाहिलेला नाही. म्हणून हा सगळा खटाटोप. दुसऱ्या पायाचा तिने आधीच तयार केला होता. घासला, कुंडीतली माती फासली, वरून ओलं फडकं फिरवलं, आणि आता तो असा दिसत होता की मालक नुकताच कामावरून येऊन आत तोंड धूत असावा.

वरच्या मजल्यावरच्या बाई उतरता उतरता थबकल्या. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारायच्या आतच टिल्लीने ब्लॉगसाठी म्हणून सांगून टाकलं. त्या "बरं बरं" म्हणत खाली गेल्या. ब्लॉगसाठी म्हटलं की या इमारतीत टिल्लीला सगळं माफ होतं. मागे एकदा तिने जिन्यात शिडी उभी करून तिच्यावर स्कार्फ वाळत घातले होते, तेव्हाही लोक बिचारे अंग चोरून गेले होते.

ब्लॉगचं नाव 'रोजचं घर'. त्यात भारी सामान नाही, महागडे पडदे नाहीत, जे आहे त्यातूनच चाललेला संसार. भाजीच्या दुकानात वांग्यांच्या ढिगाशेजारी लिंबं मांडलेली दिसली की संध्याकाळी टिल्लीच्या दिवाणावर जांभळी चादर आणि पिवळी उशी आलीच समजा. पडद्याचं कापड उरलं तर त्याचं जाकीट शिवायचं, जाकिटाचं उरलं तर दिव्याला टोपी. लोकांना हे फार आवडायचं. इतकं रोज सुचतं कसं, असं ते विचारायचे, आणि टिल्ली लिहायची, 'आम्ही डोळे उघडे ठेवतो, बस.' लिहिताना ती नेहमी 'आम्ही' असंच लिहायची. पूर्वी ते खरं होतं, कारण शिडी धरायला आणि खिळे ठोकायला नवरा होता.

तो गेला थंडीच्या आधी. गेला म्हणजे जिवंत आहे, ठणठणीत आहे, दुसऱ्या गावात आहे. भांडण नाही, आदळआपट नाही. एक दिवस म्हणाला की इथे माझं मन लागत नाही, आणि आपले कपडे नीट घड्या घालून घेऊन गेला. माणूस नेटका, एक मोजाही विसरला नाही. त्यानंतर 'आम्ही' लिहिताना टिल्लीचं बोट जरा अडखळायचं, पण राजेमहाराजेही स्वतःला आम्हीच म्हणवून घेत, असं मनाशी म्हणून ती पुढे जायची.

आणि आता आई येत होती, चांगली चार दिवस राहायला.

आईला काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत होऊ द्यायचंही नव्हतं. त्यालाही कारण होतं. लग्न ठरलं तेव्हा आई स्पष्ट म्हणाली होती, "मुलगा वाईट नाही. पण तू घर करशील आणि तो त्यात पाहुण्यासारखा बसेल. पाहुणा कधीतरी उठतो, टिल्ले." टिल्लीच्या अंगाचा असा तिळपापड झाला होता की विचारू नका. तीही वाट्टेल ते बोलली. मग मायलेकींचं बोलणंच बंद झालं, ते वर्ष उलटून गेलं तरी बंदच. शेवटी एका दुपारी ब्लॉगवर दिवाणाचा फोटो चढला आणि त्याखाली कुणा 'वाचक'ने एवढंच लिहिलं की उशी वाकडी आहे. टिल्ली खुर्चीतून उडालीच. साऱ्या जगात तिच्या उशा सरळ करणारी बाई एकच होती. तिने उशी सरळ करून पुन्हा फोटो टाकला. खाली उत्तर आलं, 'आता बरी.' त्या दिवशी ती पोटभर रडली आणि मग फोन केला.

तेव्हापासून एकही फोटो आईच्या नजरेतून सुटला नव्हता. आणि त्यामुळेच टिल्लीला धास्ती होती. नवरा गेल्याचं दुःख होतंच, ते ती गिळून बसली होती. पण आई एकदा तिच्याकडे बघून म्हणेल, "मी सांगितलं होतं," हे काही तिच्याने ऐकवलं नसतं. उशांचे अभ्रे इस्त्री करताना, भांडी घासताना, तिला ते शब्द आईच्या आवाजात आधीच ऐकू येत होते. काय वाटेल ते होवो, ते ऐकायची वेळ येऊ द्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

मग तिने नवरा मांडला. मांडण्यात तर तिचा हात कोण धरणार! न्हाणीघरात दाढीचा ब्रश आला, दुसरा टूथब्रश आला आणि तो रोज सकाळी ओला होऊ लागला. जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक लांब बाह्यांचा शर्ट आणून तिने दोनदा धुतला आणि दाराआड अडकवला. पलंगावरच्या दुसऱ्या उशीला डोक्याचा खळगा पाडला. आणि फोनवर आईला सांगून ठेवलं की जावई नेमके तू येशील त्याच दिवशी सकाळी कामासाठी बाहेरगावी निघणार आणि तू गेल्यावर परत येणार, त्यांना फार वाईट वाटतंय.

आई आली. टिल्लीहून वीतभर ठेंगणी, पण घरात शिरली की घर भरून जाणारी. तिने आधी सगळीकडे एक फेरी मारली. फोटोत पाहिलेली प्रत्येक वस्तू हात लावून पाहिली, जणू ती खरी आहे ना याची खात्रीच करून घेत होती. दिव्याची टोपी, पिवळी उशी, डब्यांची रांग. बुटांपाशी ती जरा थांबली आणि म्हणाली, "घर फोटोत दिसतं त्याहून मोठं आहे गं." टिल्लीचा जीव भांड्यात पडला.

पुढचे दिवस अगदी सुरळीत गेले. आई अधूनमधून जावयाची चौकशी करायची, तिकडे जेवणाखाण्याचे हाल होत नाहीत ना, झोपायला जागा बरी आहे ना. टिल्ली फडाफडा उत्तरं द्यायची. खोटं बोलायला लागलं की तेही सरावाचं होतं. एका संध्याकाळी तर तिने कमालच केली. बंद फोन कानाला लावून ती गॅलरीत गेली आणि नवऱ्याशी गप्पा मारल्या, दोनदा हसलीसुद्धा. आत आईने टीव्हीचा आवाज मोठा केला. नवराबायकोचं बोलणं ऐकू नये म्हणून आई किती जपते, असं टिल्लीला वाटलं आणि मनातून शरम वाटली. पण फोन काही तिने खाली ठेवला नाही.

आई जायच्या आदल्या दुपारी ऊन छान पडलं होतं. गॅलरीच्या दाराच्या काचेतून ते सरळ भिंतीवर यायचं आणि तिथला कोपरा कसा उजळून निघायचा. ब्लॉगवर बऱ्याच दिवसांत काही टाकलं नव्हतं. टिल्लीने तिथे छत्री उभी केली, स्टुलावर राखाडी जाकीट टाकलं, आणि खाली ते बूट ठेवले, एक सरळ, एक जरासा कलता. वाचकांनाही दिसू दे, म्हणजे सगळीकडे सारखंच होईल. आई दिवाणावर बसून बघत होती. फोटो काढून झाल्यावर तिने हात पुढे केला. टिल्लीने फोन दिला.

आईने चष्मा वर सारला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिली.

"बूट काढ त्यातले," ती म्हणाली.

"का? वाईट दिसतात?"

"वाईट कशाला दिसतील. तू मांडलेस म्हणजे चांगलेच दिसणार. पण काढ. ते कुणाचेच नाहीत."

टिल्ली हसायला गेली, पण ते काही जमलं नाही. तळ पुरेसा घासला गेला नव्हता की काय, असंच तिच्या मनात आधी आलं. तिने विचारलंही. आई म्हणाली की बुटांकडे मी धड पाहिलंसुद्धा नाही, मला थंडीतच कळलं होतं.

मग तिने सांगितलं ते अगदी सावकाश, टिल्लीकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत. दाराजवळचा आरसा पूर्वी उंच होता. टिल्ली जुन्या फोटोंत त्यात दिसायची ती भुवयांपासून वर, तेवढीच. थंडीत एका फोटोत ती आख्खी दिसली, हनुवटीसकट. आरसा खाली आला होता. आईला तेव्हा नुसतंच बरं वाटलं. पुढच्या फोटोत स्वयंपाकघरातल्या डब्यांची फळी खाली आली. मग घड्याळ आलं. मग पुस्तकांची वरची रांग गेली, आणि दारामागच्या खुंट्याही उतरल्या.

"एकेक करून सगळं तुझ्या हाताच्या उंचीवर आलं," आई म्हणाली. "माणूस घरात असताना कुणी एवढं खाली घेत नाही गं."

टिल्लीने भिंतीकडे पाहिलं. आरसा, फळी, घड्याळ. प्रत्येकावर तिने एकेक लेख लिहिला होता. 'आरशाला नवी जागा', 'फळी उतरली, उजेड चढला'. लोकांनी वाहवा केली होती, आणि आपल्याला किती सुचतंय असं वाटून तीही खूश झाली होती. खरं तर शिडी धरायला कुणी नव्हतं आणि हात पोचत नव्हता, एवढंच होतं. हे आख्ख्या थंडीत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती तिथेच जमिनीवर बसली. इतके दिवस आवरून धरलेलं रडू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. आईने तिला रडू दिलं. आधी का विचारलं नाहीस, असं टिल्लीने हुंदक्यांतून विचारलं तेव्हा आई म्हणाली की विचारलं असतं तर तू फोटो टाकायचे बंद केले असतेस, मग मला काय दिसलं असतं. सकाळी उठल्यावर आधी तेच बघते मी, असंही ती म्हणाली.

टिल्लीने स्टुलावरच्या जाकिटाच्या बाहीने नाक पुसलं. आता फार काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते एकच वाक्य, आणि ते येईपर्यंत वाट बघत बसण्यापेक्षा आपणच बोलावलेलं बरं, असं तिला वाटलं.

"म्हण आता," ती म्हणाली.

"काय म्हणू?"

"मी सांगितलं होतं, म्हण."

आईने तिच्याकडे पाहिलं. ही बाई अशी, की टिल्लीच्या बालवाडीतल्या बाईंच्या चपलांचा रंग तिला विचारा, ती पट्ट्यासकट सांगेल. कोण कुणाला कधी काय बोललं, यावर साऱ्या घराण्यात तिचा शब्द शेवटचा.

"मी? मी काय सांगितलं होतं?"

"लग्न ठरलं तेव्हा."

"मला नाही बाई आठवत," आई म्हणाली.

मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली, खुर्चीवर पडलेली आपली पिशवी घेतली आणि दारामागच्या खुंट्यांपाशी गेली. टाचा उंचावून तिने पिशवी अडकवायचा प्रयत्न केला. पिशवीचा बंद खुंटीच्या कडेला लागला आणि घसरला. पुन्हा केला, पुन्हा घसरला.

"तुला ठीक आहेत या. मला नाही पुरत," ती म्हणाली. "आले-गेले की लागेल, माझी म्हणून एक लाव. इथे."

तिने आपला तळवा भिंतीवर ठेवला, टिल्लीच्या खुंट्यांच्या चांगलाच खाली. टिल्ली उठली आणि पेन्सिल शोधू लागली. ती टेबलावर नव्हती, खणात नव्हती, शिवणाच्या टोपलीतही नव्हती. ती सापडेपर्यंत आईने भिंतीवरचा हात काढला नाही.