सहा नंबरचा डबा

आठ जूनला, रविवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सहदेव शेलार दुधाची पिशवी घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. अनंताच्या फुलांचा वास येत होता.

ठाकुर्लीच्या त्या चार मजली इमारतीत कोणाकडेही अनंत नव्हता. तरी वास होता, आणि तो तळमजल्यावरून, तुळसाकाकींच्या घरामागून येत होता.

सहदेवांनी नगरपालिकेत तेहतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले. दारोदार जायचं, झाकण उघडायचं, आकडा टिपायचा. निवृत्तीनंतर ते फांद्या लावू लागले. जास्वंद, मोगरा, क्रोटन, सगळं गॅलरीत श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत.

आदल्या जुलैत त्यांनी खडवलीहून अनंताच्या सहा फांद्या आणल्या होत्या. झाड आईने लावलेलं, गावच्या घराच्या पायरीशी. फांदीच्या डोळ्याखाली तिरका काप, खालची पानं काढलेली, जाड वाळू, वर प्लास्टिकची पिशवी. रीतीत कुठे चूक नव्हती. डब्यांवर मार्करने आकडे घातले आणि वही केली. रोज सकाळी सात वाजता एकेक फांदी अलगद वर उचलून बघायची आणि लिहायचं : मूळ नाही.

"अहो, मीटर नाही तो," विनिता म्हणायची. "रोज उपटून बघता, लाजत असेल बिचारा."

"बघितल्याशिवाय कळणार कसं?"

त्याच आठवड्यात तुळसाकाकी जिना चढून आल्या होत्या. इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची, भाताची. काकींनी डबे पाहिले. "एक दे ना रं भावा मना."

"आधी लागू दे, काकी. लागली की पहिली तुम्हाला."

नवव्या दिवशी सहा नंबरचा डबा गॅलरीबाहेरच्या, जिन्यालगतच्या कठड्यावरून नाहीसा झाला. सहदेवांनी चारही मजल्यांवर विचारलं. कोणी पाहिलं नव्हतं. ऑगस्टअखेर बाकीच्या पाचही फांद्या काळ्या पडल्या. परत खडवलीला जायचं ठरत होतं, तोवर दिवाळी आली. नोव्हेंबरात तिथे पुतण्या सुदेशने गाडीसाठी शेड घातली आणि अनंत तोडला. त्याने तसं फोनवर सांगितलंही. "काका, मुळं पार घराच्या पायात घुसलेली. तुम्हाला पायजे होता का? बोलायचं ना आधी." वहीत त्यानंतर नोंद नाही.

आता सहदेव दूध हातात घेऊन इमारतीच्या मागे गेले. गटाराच्या बाजूला कोणी फिरकत नाही. तिथे रंगाच्या बादलीत अनंत उभा होता, कमरेएवढा, दोन फुलं उमललेली. शेजारी पाणी घालायला श्रीखंडाचा डबा. त्यावर पुसट ६.

"आलास का?" मागच्या दारात काकी दात घासत होत्या. "मी बोलले, वास वर गेल्याबिगर ह्यो येनार नाय."

"काकी, हा माझा आहे."

"मंग? मी कुठं नाय बोलते? चोरलाच मी."

"मी देणार होतो ना तुम्हाला."

"दिलेला लागत नाय. मांगितलेला बी लागत नाय. चोरलेला झार लागतं. माजे सासूनं सांगितलेला हाय."

"काकी, पण तुम्ही केलंत काय त्याला? माझे पाच गेले."

"काय करनार? ठेवला नि इसरले."

सहदेव फुलाजवळ वाकले. पुतण्याची शेड त्यांना आठवली असेल. ते एवढंच म्हणाले, "मला एक फांदी द्या."

"देनार नाय," काकी चूळ भरून म्हणाल्या. "येक डाव सांगितला ना? दुपारचे मी निजते. मागचा दार उघराच आसतं."

घरी विनिता पोट धरून हसली. "जा ना मग. एकसष्टीला पहिली चोरी."

"माझ्याच्याने नाही होणार ते. कोणी बघितलं तर?"

"बघू दे. आईचं झाड आहे ना?"

अडीच वाजता ते खाली उतरले. काकी आतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. घोरणं जरा जास्तच मोठं होतं. सहदेवांनी खिशातून कैची काढली, मग परत ठेवली. बादलीच्या काठावर धुतलेली सुरी आणि ओलं फडकं ठेवलेलं होतं. त्यांनी एकच फांदी कापली, डोळ्याखाली, तिरकी. फडक्यात गुंडाळली. घोरणं थांबलं, ते जिन्याशी पोचल्यावर पुन्हा सुरू झालं.

फांदी गॅलरीत आहे. डब्यावर आकडा घातलेला नाही. वही विनिताने कपाटात वर ठेवली आहे आणि सकाळी सात वाजता ती त्यांना भाजी आणायला पाठवते. दोनदा ते रस्त्यातून परतले, डब्यापाशी उभे राहिले, हात मागे बांधून.

आज एकविसावा दिवस. वर ठेवलेली दोन्ही पानं हिरवी आहेत. खाली मूळ आहे की नाही, अजून कोणी पाहिलेलं नाही.