आखूड खिडकी

कसबा बावड्यातल्या आमच्या वाचनालयात २००३ साली संगणक आला आणि त्याच्यासोबत तो चालवायला सम्राट आला. पुस्तकं देण्याघेण्याचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळत होतो. ते त्याला हवं होतं. मी नवशिका, त्यात हात कापरा. तो समोरच म्हणायचा, म्हाताऱ्याच्यानं होणार न्हाय.

पडद्यावरच्या खिडकीत वर सभासदाचा क्रमांक टाकायचा आणि खाली तीन बटनं: जमा, वाटप, रद्द. तेवढं मी वहीत उतरवून पाठ केलं होतं.

रविवारी अध्यक्ष अण्णासो स्वतः पुस्तक परत करायला आले. सम्राटनंच त्यांना बोलावलं होतं. मला जमलं तर टेबल माझं, नाहीतर त्याचं, असं त्यानं आधीच ठरवून घेतलं होतं.

मी अण्णासोंचा क्रमांक टाकला. एक. खाली पाहिलं तर बटनं नव्हती, खिडकी तिथंच संपत होती. माझंच काहीतरी चुकलं असणार, असं वाटलं. सम्राट हाताची घडी घालून मागं उभा. त्याला विचारायची हिंमत झाली नाही.

माउस मला नीट धरता येत नाही, म्हणून मी टॅब दाबून एकेक बटन पुढं जात असे. दाबला. पडद्यावर काहीच हललं नाही. म्हणून आणखी दोनदा दाबला आणि एंटर केलं.

‘सभासद क्र. १ रद्द केला.’

अण्णासो वाकून वाचू लागले. "मास्तर, मलाच काढलासा व्हय?"

"बघा," सम्राट म्हणाला, "मी काय सांगत हुतो?"

"बघिटलं. आता माझं नाव परत घाल."

सम्राट जागचा हलेना. अण्णासोंनी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं. मग त्यानं माउसनं खिडकीची खालची कड पकडून ओढली. खिडकी लांब झाली आणि तिन्ही बटनं दिसू लागली. रद्द पुन्हा दाबून त्यानं नाव परत घातलं.

"ही बटनं कुणी दडवलती?" अण्णासोंनी विचारलं.

वयस्कर माणसाचा गोंधळ होतो म्हणून खिडकी आखूड केली होती, असं सम्राट म्हणाला. अण्णासोंनी पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. मी जमा केलं. टेबल माझ्याकडं राहिलं.

जाताना सम्राट माझ्या कानाशी म्हणाला, "उद्या बघतो."

रात्रभर वाटत राहिलं, एंटर दाबणारं बोट तर माझंच होतं.

सकाळी खिडकी पुन्हा आखूड होती. सम्राट दारात उभा होता. मी माउस धरला. कड दोनदा निसटली, तिसऱ्यांदा सापडली.