उशाखालचा बिल्ला

नाव बदललं की माणूस ओळखू येत नाही, असं अनुपमा मॅडमना वाटलं असावं. शिकल्यासवरल्या माणसांचे हे लाडके गैरसमज.

घाटकोपरला त्यांच्या गट-समुपदेशनात रत्नप्रभा पाच महिने दर बुधवारी जात होती. आठ बायका गोल बसायच्या. इथलं इथेच राहील, असं मॅडम दर वेळी म्हणायच्या. त्या भरवशावर तिने एकदा पोटातलं ओठांवर आणलं. सासू अडीच वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं रत्नप्रभाने केलं, आणि एका दुपारी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हिका आता सोडव." होकार द्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून "व्हय म्हाराजा"सुद्धा स्वतःच म्हणाली. आठवड्याभरात म्हातारी गेली.

मॅडमनी ही हकिकत त्या शिकवत असलेल्या समुपदेशनाच्या कोर्सच्या नोट्समध्ये घातली. रत्नप्रभाची सुगंधा केली, घाटकोपरचं मुलुंड केलं. सासू नवऱ्याचा गिरणीतला पितळी बिल्ला उशाखाली घेऊन झोपायची, ते मात्र गोड वाटलं म्हणून तसंच ठेवलं. त्याच कोर्सला रत्नप्रभाच्या नणंदेची मुलगी अपूर्वा होती. आजीचा बिल्ला ती ओळखणार नाही तर कोण?

नणंदेचा फोन आला. "वहिनी, आईच्या वर्षश्राद्धाचा स्वयंपाक तू नको करू. कशाला हातच लावू नको."

ज्या हातांनी अडीच वर्षं पेज भरवली, ते हात रत्नप्रभा बराच वेळ बघत बसली. नवऱ्याने स्वयंपाकाला बाहेरची बाई सांगितली, ते तिला जास्त लागलं.

बुधवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली.

"मॅडम, मला विचारलं का नाहीत?"

"नाव बदललं होतं ना. आणि पहिल्या दिवशी तुम्ही संमतीच्या फॉर्मवर सही केलीय."

"त्या दिवशी मी पुढे काय सांगणार, ते मला तरी कुठे माहीत होतं?"

मॅडमचा चेहरा उतरला, पण आवाज तसाच मऊ. "तुम्हाला राग आलाय. आपण ग्रुपमध्ये बोलूया यावर."

ह्याच मऊ आवाजाने आपला केसाने गळा कापला, हे रत्नप्रभाला तेव्हा कळलं. तेवढ्यात बायका आल्या, गोल बसल्या. महिनाभर गप्प असलेली कमळ आज पहिल्यांदा बोलायला लागली, "माझ्या मुलाचं..."

"थांब गं," रत्नप्रभा म्हणाली. "आधी ह्यांना विचार, हे कोणाकोणाला वाचायला देणार."

कमळने मॅडमकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.