पडद्यातली काच

मी दीपगृहाची काच बोलतेय. हो, समुद्रावरच्या दीपगृहाची, आणि बोलतेय औरंगाबादच्या गारखेड्यातल्या एका घरातून. इथून समुद्र फार लांब, म्हणून आधी कुणाचा विश्वास बसत नाही.

खिडकीच्या काचेसारखी मी साधी नाही. पितळी चौकटीत एकात एक बसवलेल्या जाड कड्या आणि मधोमध फुगीर भिंग, अशी माझी घडण. मागे रॉकेलची एवढीशी वात लावली की तिचा उजेड गोळा करून मी कितीतरी कोस दूर फेकायची. कोकणातल्या एका काळ्या कड्यावर, मनोऱ्याच्या माथ्याशी आम्ही सगळ्या बहिणी गोल उभ्या राहून हळूहळू फिरायचो. जहाजं आम्हाला बघून खडकांपासून दूर वळायची. खलाशांनी आम्हाला कधी जवळून पाहिलं नाही, पण भरवसा मात्र पुरता ठेवला.

पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं. पुढे औरंगाबादचे गयासमियाँ नोकरी शोधत आमच्या मनोऱ्यावर आले आणि दिवा सांभाळू लागले. सकाळी वात विझवली की ते आम्हाला मऊ फडक्यानं पुसायचे आणि जाड पडदे ओढून घ्यायचे. मनोऱ्यावरचा तो नियमच होता.

दिव्यावरचा त्यांचा जोडीदार फकिरा, तोही मराठवाड्याकडचाच. तो चिडवायचा, "मियाँ, नवरी हाय का ती? दिवसा पडद्यात, अन् रातीला गावभर मिरवती!"

"खानदानी आहे रे ती," म्हणून गयासमियाँ हसायचे.

पुढे मनोऱ्यावर वीज आली. आम्हाला उतरवताना माझी एक कड उडाली. बहिणी पेट्यांत बंद झाल्या, मला मोडीत काढलं. गयासमियाँनी साहेबांची परवानगी काढली, रजईत गुंडाळून मला घरी आणलं आणि पूर्वेच्या खिडकीत, पलंगाच्या मागे बसवलं. इथेही सकाळी पडदा ओढायचा त्यांचा नेम चुकला नाही. का ओढतात, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

त्यांच्या बेगम जाहेदाबी शेजारणीला म्हणायच्या, "कोकणातून लोक नारळ आणतात. आमच्या मियाँनी सवत आणली!"

मग गयासमियाँ गेले. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधीही झाला. एका सकाळी जाहेदाबी माझ्यापाशी आल्या. "उम्रभर पडद्यात ठेवलं गं तुला. बघ आता थोडं ऊन," असं म्हणून त्यांनी मायेनं पडदा सरकवला आणि चहा टाकायला गेल्या.

ऊन काय नि वात काय, मला एकच काम येतं. मी खिडकीतलं सगळं ऊन गोळा केलं. पलंगावरच्या रजईवर पांढरा ठिपका पडला, आणि कापूस धुमसू लागला.

"जाहेदाबी! लई धूर निघतोय वं!" शेजारच्या मनकर्णाबाई बादली घेऊनच धावत आल्या. रजई गेली. पलंगाची फळी काळी पडली.

मुलगा शफीक संतापला. "अम्मी, घर जळालं असतं! ही आजच भंगारात जाणार."

जाहेदाबी त्या काळ्या फळीवरून बोट फिरवत बसल्या होत्या. "शफीक, ऊन किती कोवळं होतं रे. त्याचं हिनं हे केलं. मग वातीचं काय करत असेल?" काळं झालेलं बोट पुसत त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तुझे अब्बा बत्ती लावायची नोकरी करतात. बत्ती काय, मीपण लावते. ही भंगारात नाही जायची."

"मग घरात ठेवता व्हय?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "उद्या माझे पापड जाळंल ती!"

"घरातही नको. जिथली तिथं जाऊ दे."

शफीकनं कुरकुरत फोन केले. तेव्हा कळलं, जुना मनोरा लोकांना बघता यावा म्हणून दुरुस्त होतोय. माझ्या बहिणी पेट्यांतून बाहेर निघाल्यात, आणि एक जागा रिकामी आहे.

काल तिथले तरुण इंजिनिअर आले. माझी कड बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. "ही तुटकी आहे. त्यापेक्षा नवीच करून घेऊ."

मला वाटलं, संपलं. पण जाहेदाबींनी ओठ फाकवून आपलं बोळकं दाखवलं. "साहेब, माझे पुढचे दात पडले. म्हणून मला कुणी घरातून काढलं का?"

शफीकच आधी हसला. मग साहेबही हसले आणि टेप काढून माझी मापं घेऊ लागले. जागा माझीच होती. मी तंतोतंत बसणार होते.

आता टेम्पो दारात उभा आहे. मला धरून शफीक स्वतः मागे बसणार आहे.

माझी एकच विनंती आहे. जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी तिला एकदा उन्हात धरून बघा. आणि कधी त्या मनोऱ्यावर चढलात, तर बहिणींच्या रांगेत मला ओळख द्या. कड उडालेली, ताठ उभी असलेली, ती मीच.