बोर्तोलोचा पहिला दिवस

"खांद्यापर्यंत घाल हात, कोपरापर्यंत नको," व्हिदो पहारेकरी सावलीत बसल्या बसल्या म्हणाला. "एकोणचाळीस दिवस झाले म्हणून अंगचोरी करतोस होय रे म्हाताऱ्या?"

"मग तू ये उतरून. तुझे हात काय नुसते पाठ खाजवायला दिलेत?" बोर्तोलो म्हणाला आणि लोकरीच्या गासडीत त्याने उघडा हात खांद्यापर्यंत खुपसला.

व्हेनिसच्या खाडीतल्या या बेटावर बोर्तोलो तीस वर्षं हेच करत होता. पूर्वेकडून आलेली माणसं आणि माल शहरात शिरण्याआधी इथे कोंडून ठेवत. लोकर उन्हात मोकळी करायची, रोज उघड्या हातांनी वरखाली करायची. आत रोग दडलेला असला तर तो आधी हमालाला धरेल, अशी शहाण्या लोकांची योजना होती. तोवर हमालही मालाबरोबर कोंडलेला. तो जगला की लोकर चांगली. या कोंडून राहण्याला ते क्वारान्तेना म्हणत. त्या शब्दात रोगाचं नाव नव्हतं, भिंतीचंही नव्हतं. चाळीस, एवढंच होतं. अंगात ताप असो नसो, चाळीस पुरे व्हायला हवेत. बेटावर कोणी कुणाला वय विचारत नसे, किती क्वारान्तेना झाल्या ते विचारत. बोर्तोलोच्या शंभरावर झाल्या होत्या आणि तो खरोखर थकला होता.

ही उद्या संपणार होती. परवा सकाळी त्याची मुलगी ओर्सोला नवऱ्याबरोबर कोर्फूच्या जहाजात बसणार होती. तिला सातवा महिना होता. जावयाला तिकडे पिंपं बांधायचं काम मिळालं होतं. एवढ्या लांबून पोरगी काही परत येत नाही, हे बोर्तोलोला कळत होतं. तिची आई लुचिएता साध्या तापाने गेली, तेव्हा याचा पस्तिसावा दिवस चालू होता. होडीवाल्याने पाण्यावरून ओरडून सांगितलं ते त्याने कठड्याला धरून ऐकलं, आणि तिकडे नऊ वर्षांची ओर्सोला शेजारणीचा हात धरून दफनभूमीपर्यंत चालली. या खेपेला तरी पोरीला पोटाशी धरून निरोप द्यायचा, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती.

दुपारी तो भाकरतुकडा घेऊन कुंपणाच्या सावलीला गेला. पलीकडच्या आवारात तीन दिवसांपूर्वी उतरलेला एक ग्रीक म्हातारा कुंपणाला टेकून उभा होता. ऊन मी म्हणत होतं. म्हाताऱ्याला भोवळ आली, गुडघे दुमडले आणि त्याची मान दोन खांबांच्या मधे अडकली. तोंड निळं पडायला लागलं. बोर्तोलोने हात घातला, हनुवटीखाली धरून डोकं वर उचललं आणि त्याला अलगद पलीकडे ढकललं. म्हातारा खोकला, बसला, स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

मग बोर्तोलोने आपल्या हातांकडे पाहिलं. दुसऱ्या आवारातल्या माणसाला शिवलं की झालेले सगळे दिवस पुसले जायचे. पुन्हा पहिल्यापासून.

व्हिदो धावत आला आणि चार हात दूर थांबला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "मी झोपलो होतो. मी काही पाहिलं नाही."

"पण मी जागा होतो ना."

"अरे, त्याला ऊन लागलंय नुसतं. तीस वर्षं झाली, ऊन लागलेला माणूस ओळखता येतो की नाही तुला?"

"येतो."

"मग? तुझी पोर चाललीय परवा. गप्प बस आणि हात धू."

गप्प बसावंसं बोर्तोलोला वाटत होतं, अगदी मनापासून. समोर त्याचे तीन जोडीदार लोकर पसरत होते. त्यांच्यात जाऊन बसला असता, तर कुणाला काही कळलं नसतं.

"कारभाऱ्यांना बोलाव," तो म्हणाला. "आणि त्या तिघांना सांग, माझ्याजवळ येऊ नका म्हणावं."

"वेडा आहेस तू."

"असेन. जा."

संध्याकाळच्या आत त्याला पलीकडच्या आवारात हलवलं. त्याची थाळी, त्याची पेंढ्याची गादी, सगळं बरोबर.

जहाजावर जाण्याआधी ओर्सोला होडीने आली. निरोप तिला मिळाला होता. बोर्तोलो धक्क्याच्या पायऱ्यांपासून दहा पावलं मागे, हात पाठीशी बांधून उभा राहिला. त्याच्या मागे ग्रीक म्हातारा कांदा घातलेले मासे चवीने खात होता.

"हाच का तो?" ओर्सोलाने विचारलं.

"हाच."

"चांगला ठणठणीत दिसतोय."

"हो. काही व्हायचं नाही बहुतेक त्याला."

"बाबा, दर वेळी तुमचे थोडेच दिवस उरलेले असतात." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे त्याला जास्तच लागलं. "आईच्या वेळी पाच होते. मी तेव्हा बोटांवर मोजले होते."

तो एवढंच म्हणाला, "तुझ्या पोटात आहे ना गं कोणीतरी."

होडीवाल्याने वल्हं पाण्यात टाकून ठेवलं होतं. मग तिने मांडीवरचं गाठोडं उचललं, वाकून सर्वांत खालच्या कोरड्या पायरीवर ठेवलं. बाहेरची वस्तू आत येऊ शकत होती. आतली बाहेर जाऊ शकत नव्हती.

"सदरा आहे. मला पोचवायला धक्क्यावर याल तेव्हा घालायला म्हणून शिवला होता. बाह्या लांब ठेवल्यात मनगटापर्यंत. तुमचे हात चांगले दिसत नाहीत."

"बरं केलंस."

"जेवत जा वेळेवर."

"तू पण. आणि जहाजात उभी राहू नकोस, बसून राहा."

होडी वळली. ती दूर जाईपर्यंत तो जागचा हलला नाही, मग उतरून त्याने गाठोडं घेतलं. सदरा उलगडला, अंगात घातला. बाह्या बरोबर मनगटावर आल्या.

"बोर्तोलो," कुंपणापलीकडून व्हिदोने हाक मारली. त्याला आज थट्टा सुचत नव्हती. "तुझ्या तिकडच्या गासड्या फोडून ठेवल्यात रे."

"आलो."

त्याने सदरा काढला, घडी घालून गादीखाली ठेवला आणि उघड्या अंगाने लोकरीकडे गेला.